सीजीपीएस, जीपीएसमॉन की एक्सजीपीएस: उपग्रहांकडून आलेली माहिती कोणत्या खिडकीत वाचावी?

सह्यवाट

लिनक्सवर जीपीएस रिसीव्हर जोडल्यावर कोणते सॉफ्टवेअर वापरावे, हा प्रश्न इथे वरचेवर येतो आणि उत्तरादाखल चार-पाच नावे सांगितली जातात. ती नावे बहुतेक वेळा एकाच कुटुंबातली असतात. रिसीव्हरशी प्रत्यक्ष बोलण्याचे काम जीपीएसडी ही पार्श्वभूमीत चालणारी सेवा करते आणि बाकीचे प्रोग्रॅम तिच्याकडून माहिती मागून घेणारे क्लायंट असतात. सिरीयल पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला धडपणे वाचता येतो. ही सेवा मध्ये बसल्यामुळे तोच रिसीव्हर टर्मिनलमधला तक्ता, खिडकीतले चित्र आणि नकाशा या तिन्हींना एकदम पुरतो. ती २९४७ क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवर ऐकते आणि जेसन या मजकुरी स्वरूपात उत्तरे देते. कोणता क्लायंट कोणत्या थरावरची माहिती दाखवतो हे एकदा कळले, की निवडीचा प्रश्न जवळपास सुटतो. त्यासाठी हा धागा.

सुरुवात सीजीपीएसपासून करतो, कारण रोजच्या वापरात मी तोच उघडतो. टर्मिनलमध्ये दोन चौकटी येतात. डावीकडे वेळ, अक्षांश, रेखांश, उंची, वेग, दिशा आणि त्रुटींचे अंदाज असतात. उजवीकडे एकेका उपग्रहाची एकेक ओळ असते. खाली कच्च्या जेसनचा धबधबा वाहत राहतो, तो नको असेल तर एस हे बटण दाबावे किंवा सुरू करतानाच एस हा पर्याय द्यावा. नवखा माणूस डावी चौकट वाचतो, कारण तिथे ‘आपण कुठे आहोत’ याचे उत्तर असते. माझा आग्रह असा आहे, की आधी उजवी चौकट वाचावी आणि ती पटली तरच डावीकडे वळावे.

उजव्या चौकटीतल्या ओळीत उपग्रहाची ओळख, क्षितिजापासूनची उंची अंशांत, उत्तरेपासून मोजलेला दिगंश, सिग्नलची ताकद आणि तो उपग्रह गणितात वापरला आहे की नाही, एवढे असते. ताकदीचा आकडा ३५ ते ४५ च्या घरात असलेले सहा-सात उपग्रह आकाशात चहूकडे पसरलेले दिसत असतील, तर डावीकडच्या आकड्यांवर विसंबायला हरकत नाही. आकडे विशीच्या आसपास रेंगाळत असतील, किंवा वापरलेले सगळे उपग्रह एकाच बाजूला गोळा झाले असतील, तर डावीकडे अक्षांशापुढे आठ दशांश स्थळे दिसली म्हणून हुरळून जाऊ नये. पाचवे दशांश स्थळ जमिनीवर साधारण एका मीटरइतके असते आणि आठवे एका मिलिमीटरइतके. हातातल्या साध्या रिसीव्हरला मिलिमीटर कळत नाही. प्रोग्रॅम केवळ अंक छापतो.

त्रुटीच्या रकान्यांचेही तसेच आहे. रिसीव्हर स्वतःहून अंदाज देत नसेल, तर जीपीएसडी तो उपग्रहांच्या मांडणीवरून काढते. समोरच्या इमारतीच्या काचेवर आपटून सिग्नल उशिरा आला, तर ते त्या गणिताला समजत नाही. गल्लीत उभे राहिल्यावर त्रुटी पाच मीटर दाखवत असताना नकाशावरचा ठिपका पलीकडच्या सोसायटीत पडतो, तो यामुळे.

आता बिघाडाकडे येऊ. सीजीपीएस सुरू केल्यावर ‘नो फिक्स’ (फिक्स म्हणजे उपग्रहांवरून काढलेले स्थान) असे दिसणे आणि ‘जीपीएस टाइमआउट’ असा संदेश देऊन प्रोग्रॅम बंद पडणे, या दोन गोष्टींची कारणे निराळी आहेत. पहिल्या प्रकारात रिसीव्हर बोलतो आहे, पण त्याला पुरेसे आकाश दिसत नाही, अँटेना हलवावी. दुसऱ्या प्रकारात रिसीव्हरचा शब्दच जीपीएसडीपर्यंत पोहोचत नाही. तिथे अँटेना गच्चीवर नेऊन काही साधत नाही. डिव्हाइसचे नाव चुकलेले असते, परवानगी नसते, बॉड दर (पोर्टवर माहिती येण्याचा वेग) जुळत नसतो, किंवा मोडेम-मॅनेजर ही सेवा तोच पोर्ट मोडेम समजून चाचपत असते. डेबियनमध्ये डिव्हाइसचे नाव जीपीएसडीच्या डिफॉल्ट फाइलमध्ये घालता येते. थेट यूएसबी बोलणारे यू-ब्लॉक्स या कंपनीचे रिसीव्हर टीटीवाय-एसीएम-शून्य या नावाने येतात, तर सिरीयल रूपांतरक चिप असलेले टीटीवाय-यूएसबी-शून्य या नावाने. दुसऱ्या जातीचे रिसीव्हर आपोआप ओळखले जातीलच असे नाही, कारण तीच चिप इतर असंख्य उपकरणांत असते.

या दुसऱ्या प्रकारच्या बिघाडात जीपीएसमॉन उपयोगी पडतो. सीजीपीएस आपल्याला जीपीएसडीने लावलेला अर्थ दाखवतो, तर जीपीएसमॉन रिसीव्हर काय पाठवतो आहे ते पॅकेटच्या पातळीवर दाखवतो. जीपीएसडीला बाजूला ठेवून थेट डिव्हाइसलाही तो जोडता येतो. मात्र जीपीएसडी चालू असताना त्याच डिव्हाइसवर त्यातला मजकूर पडद्यावर ओतणारी कॅट कमांड चालवू नये. दोघे वाचू लागले की वाक्यांचे तुकडे वाटले जातात आणि कोणालाच पुरे वाक्य मिळत नाही.

एक्सजीपीएस हा चित्रमय क्लायंट. त्यात आकाश एका वर्तुळात काढलेले असते: कड म्हणजे क्षितिज, मध्य म्हणजे डोक्यावरचा बिंदू. सिग्नलच्या ताकदीप्रमाणे ठिपक्यांना रंग असतो, आणि गणितात वापरलेले उपग्रह भरीव तर न वापरलेले पोकळ दिसतात. अँटेना कुठे ठेवावी हे ठरवायला याच्यासारखे साधन नाही, कारण कोणत्या बाजूची भिंत आड येते ते तक्त्यातल्या दिगंशांवरून मनाशी जुळवण्यापेक्षा इथे एका नजरेत कळते. एरवी आकड्यांसाठी तो उघडण्यात मला फारसे स्वारस्य नाही.

जीपीएसपाइप काहीच मांडून दाखवत नाही. तो फक्त ओततो. आर पर्याय दिला तर एनएमईए या रिसीव्हरच्या जुन्या मानकातली वाक्ये, डब्ल्यू दिला तर जेसन, आणि एनपुढे संख्या दिली तर तेवढ्या ओळी देऊन थांबतो. नोंदी ठेवायच्या असतील किंवा स्वतःची स्क्रिप्ट लिहायची असेल तर हाच घ्यावा.

---

पाचवामजला

लेख मुद्देसूद आहे, धन्यवाद. माझी अडचण आपण सांगितलेल्या पहिल्या प्रकारातली दिसते. मी पुण्यातच राहतो, घर पाचव्या मजल्यावर आहे आणि गॅलरीसमोर इमारत नाही, सगळे मोकळे आहे. तरीही सीजीपीएस बराच वेळ ‘नो फिक्स’ दाखवतो आणि नंतर कसाबसा टूडी फिक्स मिळतो. तक्त्यात आठ-नऊ उपग्रह दिसतात, पण वापरलेले तीनच. रिसीव्हर सदोष असावा का?

---

सह्यवाट

@पाचवामजला, गॅलरीचे तोंड कोणत्या दिशेला आहे?

---

पाचवामजला

उत्तरेला. पाठीमागे अख्खी इमारत आहे.

---

ध्रुवमत्स्य

मग रिसीव्हरला दोष देण्याआधी थोडी भूमिती पाहावी लागेल. जीपीएसच्या उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात, त्यामुळे एकही जीपीएस उपग्रह कधीही ५५ अंश उत्तर अक्षांशाच्या पलीकडे जात नाही. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. पुण्याच्या रेखांशावर अगदी ५५ अंशांवर आलेला उपग्रह पुण्यातून पाहिला, तर गणिताने तो उत्तर क्षितिजापासून साधारण ४३ अंश वर येतो. म्हणजे ठीक उत्तरेला क्षितिजापासून जवळपास अर्ध्या आकाशापर्यंत जीपीएसचा एकही उपग्रह कधीच नसतो. एक्सजीपीएस दिवसभर चालू ठेवून पाहा, वर्तुळाच्या वरच्या, म्हणजे उत्तरेच्या, भागात एक रिकामा खळगा राहतो आणि उपग्रह त्याच्या कडेकडेने वळून जातात.

तुमच्या गॅलरीला दक्षिणेकडचे आकाश इमारतीने बंद केले आहे आणि उत्तरेकडच्या उघड्या आकाशातला खालचा मोठा भाग मुळातच ओसाड आहे. शिवाय वरच्या गॅलरीचा स्लॅब डोक्यावर असेल, तर उंचावरचे उपग्रहही गेले. उरतात ते ईशान्य आणि वायव्येकडचे. रशियाच्या ग्लोनास या उपग्रह-यंत्रणेच्या कक्षा जवळपास ६५ अंश कललेल्या आहेत, त्यामुळे तुमचा रिसीव्हर ग्लोनास घेत असेल तर खळगा सुमारे ३१ अंशांपर्यंत खाली सरकतो, एवढाच दिलासा. युरोपच्या गॅलिलिओचा कल जीपीएससारखाच, ५६ अंश आहे.

टूडी फिक्सचे कारणही इथेच आहे. अक्षांश, रेखांश, उंची आणि रिसीव्हरच्या घड्याळाची चूक अशा चार अज्ञात राशी असतात. तीनच उपग्रह हाती असतील, तर रिसीव्हर उंची गृहीत धरतो आणि उरलेल्या तीन राशी सोडवतो. गृहीत उंची चुकली की तिची शिक्षा अक्षांश-रेखांशांना होते.

---

पाचवामजला

एक्सजीपीएस लावून पाहिला. आपण म्हणता तसे वर्तुळाच्या वर मध्यभागी काहीच येत नाही, ठिपके डाव्या-उजव्या बाजूलाच आहेत. लांब केबलची अँटेना दक्षिणेकडच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर काढल्यावर वापरलेले उपग्रह नऊ झाले. त्यात एक गोष्ट मात्र कळली नाही. दक्षिणेकडचे दोन ठिपके तासाभरात तसूभरही हललेले नाहीत, आणि सीजीपीएसच्या तक्त्यात त्यांचे क्रमांक ४० आणि ४१ असे येतात. हे कोणते उपग्रह?

---

ध्रुवमत्स्य

ते आपले गगन! भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी मिळून उभारलेली, जीपीएसच्या त्रुटी कमी करणारी ही दुरुस्ती-यंत्रणा आहे, आणि तिचे संदेश भूस्थिर उपग्रहांवरून येतात, म्हणून ठिपके हलत नाहीत. क्रमांकाचे कोडे असे: जीसॅट-८ वरून येणाऱ्या सिग्नलचा खरा क्रमांक १२७ आणि जीसॅट-१० वरच्याचा १२८ आहे. एनएमईए या जुन्या मानकात अशा उपग्रहांचा क्रमांक ८७ वजा करून लिहितात, त्यामुळे ते ४० आणि ४१ होतात. सीजीपीएसच्या पहिल्या रकान्यात एसबी आणि पुढे १२७ किंवा १२८ असे असेल, शेजारच्या रकान्यात ४० किंवा ४१.

पडताळा घ्यायचा असेल तर जागा पाहा. जीसॅट-१० हा ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे. पुण्यातून तो दिगंश १५३ च्या आसपास आणि ६६ अंश उंचीवर दिसायला हवा. जीसॅट-८ हा ५५ अंश पूर्व रेखांशावर आहे. तो दिगंश २२७ च्या आसपास, सुमारे ६० अंशांवर. मुंबईत हे आकडे थोडे बदलतील, नागपुरात बरेच. डिश अँटेना बसवणाऱ्याला जी दिशा लागते, तिच्याच शेजारची ही दिशा आहे.

---

खाडीकाठ

मी अलिबागजवळ राहतो. घर समुद्रसपाटीपासून फार तर चार-पाच मीटर उंचीवर असेल. सीजीपीएसमध्ये उंचीच्या ओळीत दोन आकडे येतात आणि त्यातला पहिला उणे साठच्या आसपास असतो. आकाश मोकळे आहे, तेरा उपग्रह वापरात आहेत, ताकद चांगली आहे. म्हणजे सह्यवाट यांनी सांगितलेली उजव्या चौकटीची कसोटी मी उत्तीर्ण झालो, तरी मी समुद्राखाली कसा?

---

सह्यवाट

@खाडीकाठ, आपण जागच्या जागी आहात आणि आकडाही बरोबर आहे. पहिला आकडा डब्ल्यूजीएस-८४ या गणिती लंबगोलापासूनची उंची आहे आणि दुसरा सरासरी समुद्रपातळीपासूनची. लंबगोल म्हणजे पृथ्वीचा गुळगुळीत, हिशोबासाठी मानलेला आकार. प्रत्यक्षात समुद्रपातळी गुरुत्वाकर्षणाप्रमाणे कुठे वर फुगते, कुठे खाली दबते. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ती लंबगोलाच्या सुमारे १०६ मीटर खाली जाते आणि ती जगातली सर्वांत खोल जागा आहे. त्या खळग्याचा उतार आपल्यापर्यंत येतो, म्हणून मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात समुद्रपातळी लंबगोलाच्या ६० ते ७० मीटर खाली असते.

किल्ल्यावर जाऊन उंची नोंदवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. कळसूबाईची उंची १६४६ मीटर म्हणून छापलेली असते, ती समुद्रपातळीपासूनची. जेसनमधून चुकीचा रकाना उचलला तर शिखर साठ-सत्तर मीटरनी खुजे होते आणि मग इथे येऊन रिसीव्हरच्या नावाने बोटे मोडली जातात. जेसनमध्ये दोन्ही आकडे वेगळ्या नावांनी येतात. लंबगोलाच्या नावात एचएई आणि समुद्रपातळीच्या नावात एमएसएल ही अक्षरे असतात.

---

कोरडाविहीर

चित्रमय क्लायंटला आपण फारच कमी लेखले आहे असे नमूद करू इच्छितो. क्षेत्रावर काम करणाऱ्या माणसाला टर्मिनलमधल्या तक्त्यापेक्षा नकाशा हवा असतो. मी विहिरींच्या नोंदींसाठी क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर वापरतो. त्यात जीपीएसचे पॅनेल असते, त्याला जीपीएसडीचा पत्ता आणि २९४७ हा पोर्ट दिला की स्थान थेट नकाशावर येते, आणि त्याच पॅनेलमध्ये सिग्नलचे स्तंभ व आकाशाचे वर्तुळही मिळते. मग सीजीपीएस वेगळा कशाला उघडायचा?

---

सह्यवाट

@कोरडाविहीर, काम नकाशाचे असेल तर क्यूजीआयएसच योग्य, त्याबद्दल वाद नाही. समुद्रावर जाणारी मंडळी ओपनसीपीएन हे सागरी नकाशांचे सॉफ्टवेअर याच रीतीने जोडतात. मी सीजीपीएस शेजारी उघडा ठेवतो तो एवढ्यासाठी, की नकाशावर ठिपका आला नाही तर दोष नकाशाच्या जोडणीत आहे की त्याआधी, हे लगेच कळते. सीजीपीएसमध्ये सगळे सुरळीत असेल तर जीपीएसडीपर्यंतची वाट निर्दोष आहे. क्यूजीआयएसला मात्र सिरीयल पोर्ट थेट वाचायला सांगू नका. जीपीएसडी तो धरून बसलेली असताना दोघांत ओढाताण होते.

---

अर्धविराम

मी जीपीएसपाइपने एनएमईए काढून पायथनमध्ये वाचतो आहे. घर पुण्यात असताना ठिपका खेड शिवापूरच्या पुढे पडतो. अक्षांश १८३१.२४०० असा येतो, त्याला मी शंभराने भागतो.

---

ध्रुवमत्स्य

तो भागाकार काढून टाका. एनएमईए वाक्यातल्या अक्षांशात पहिले दोन अंक (रेखांशात पहिले तीन) अंश असतात आणि उरलेला सगळा आकडा मिनिटे. १८३१.२४०० म्हणजे १८ अंश ३१.२४ मिनिटे, मिनिटांना ६० ने भागून दशांशात १८.५२०७ येते. तुमचे १८.३१२४ आणि हे, यांत २३ किलोमीटरचा फरक आहे. त्यापेक्षा डब्ल्यू पर्याय देऊन जेसन घ्या. त्यात टीपीव्ही वर्गाच्या ओळींत अक्षांश-रेखांश दशांश अंशांतच येतात आणि स्काय वर्गाच्या ओळींत उपग्रहांची यादी असते. टीपीव्हीमधला मोड हा आकडा दोनपेक्षा कमी असेल तर ती ओळ सोडून द्या, कारण तिच्यात स्थान नसते.

---

जुनापेटारा

एका जुन्या यंत्रावर वेळ दाखवण्यासाठी हीच जोडणी केली आहे. स्थान अचूक आहे, पण तारीख २००० सालाच्या पुढची काहीतरी येते. बॅटरी संपली असावी काय?

---

ध्रुवमत्स्य

बॅटरीचा संबंध नाही. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक दहा बिटांत असतो, म्हणून दर १०२४ आठवड्यांनी, सुमारे १९.६ वर्षांनी, तो पुन्हा शून्यावर येतो. असे ऑगस्ट १९९९ मध्ये आणि एप्रिल २०१९ मध्ये झाले. जुन्या रिसीव्हरचे फर्मवेअर हे ओळखत नसेल, तर तारीख तेवढीच मागे जाते आणि स्थानावर परिणाम होत नाही.

दुसरी शक्यता जीपीएसडीच्या आवृत्तीची आहे. ३.२० ते ३.२२ या आवृत्त्यांत हिशोबाची एक चूक होती. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी ती जागी झाली आणि तारीख मार्च २००२ मध्ये जाऊन पडली. ३.२३ मध्ये ती दुरुस्त झालेली आहे. जीपीएसडीला व्ही हे मोठे अक्षर पर्याय म्हणून देऊन आवृत्ती पाहा. आवृत्ती नवी असेल तर रिसीव्हर जुना आहे असे समजा.

वेळेसाठी वापरत असाल तर आणखी एक. कोणी क्लायंट जोडलेला नसताना जीपीएसडी रिसीव्हर उघडतच नाही. एन हा पर्याय दिल्यावर ती सुरुवातीपासून वाचू लागते.

---

खाडीकाठ

उंचीचा खुलासा पटला, आभार. नाविक या भारताच्या स्वतःच्या स्थाननिश्चिती यंत्रणेचे उपग्रह माझ्या तक्त्यात का दिसत नाहीत, तेवढे सांगावे. तेही आपल्याच आकाशात आहेत ना?

---

ध्रुवमत्स्य

आकाशात आहेत, पण तुमच्या रिसीव्हरच्या कानावर त्यांचा आवाज पडत नाही. नाविकचे सुरुवातीचे उपग्रह एल-५ आणि एस या दोन रेडिओ-पट्ट्यांत प्रक्षेपण करतात, तर स्वस्त रिसीव्हर फक्त एल-१ ऐकतो. एल-१ वर बोलणारा पहिला नाविक उपग्रह एनव्हीएस-०१ हा २९ मे २०२३ रोजी अवकाशात गेला. नाविक ऐकणारा रिसीव्हर जोडलात तर सीजीपीएस त्या ओळींपुढे आयआर लिहील. तोवर एल-१ आणि एल-५ अशा दोन पट्ट्यांचा फोन असल्यास त्यावर जीपीएसटेस्ट हे मुक्त ॲप लावून पाहा. प्रत्येक उपग्रहापुढे त्या-त्या देशाचा झेंडा येतो.

---

वाटसरू_मावळ

लॅपटॉप पाठीवरच्या पिशवीत ठेवून मार्गाची नोंद करायची असेल तर यातले कोणते साधन? पडदा बंद असणार, त्यामुळे दाखवण्याचा प्रश्नच नाही.

---

सह्यवाट

@वाटसरू_मावळ, जीपीएक्स-लॉगर. तोही याच कुटुंबातला आहे आणि थेट जीपीएक्स फाइल, म्हणजे मार्गाच्या बिंदूंची नोंद, लिहितो. एफ पर्यायाने फाइलचे नाव द्या आणि एम पर्यायाने किमान अंतर, म्हणजे चहाला थांबल्यावर एकाच जागी ठिपक्यांचे वारूळ साचणार नाही. आय हा पर्याय विसरू नका. फिक्स काही सेकंद गेला की तो नवा ट्रॅक सुरू करतो, आणि ही मर्यादा मुळात पाच सेकंदांची असते. पावसाळ्यात कारवीच्या रानातून जाताना सिग्नल सारखा तुटतो आणि घरी आल्यावर एका वाटेचे वीस तुकडे हाती येतात. आयला साठ किंवा त्याहून जास्त द्या. लॅपटॉपचे झाकण लावल्यावर तो झोपणार नाही अशी व्यवस्था निघण्यापूर्वी करा, आणि अँटेना पिशवीच्या वरच्या कप्प्यात, तिचा सपाट भाग आकाशाकडे राहील अशी ठेवा.

---

वाटसरू_मावळ

नोंद झाल्यावर तीच वाट सीजीपीएसमध्ये पुन्हा चालवून पाहता येते का?

---

सह्यवाट

जीपीएक्स फाइलवरून नाही, कारण तिच्यात उपग्रहांचा तक्ता नसतो. त्यासाठी जीपीएसपाइपने आर पर्यायासह कच्ची एनएमईए वाक्येही दुसऱ्या फाइलमध्ये साठवा. ती फाइल जीपीएसफेकला दिली की तो स्वतःची जीपीएसडी सुरू करून तिला खोटा रिसीव्हर जोडून देतो, आणि त्याच जीपीएसडीला सीजीपीएस किंवा एक्सजीपीएस जोडले की ओळी पुन्हा येऊ लागतात. फिक्स कोणत्या वळणावर गेला आणि त्या क्षणी कोणत्या बाजूचे उपग्रह गळले, हे घरी बसून तपासता येते. दोन्ही नोंदी एकाच वेळी चालवायला जीपीएसडीची काही हरकत नसते.